निळ्या जाळाचा उन्हाळा

परवाच्या रविवारी मी सूर्याला स्वयंपाकाला लावलं आणि पाहुण्यांना कच्चा भात वाढला.

सोलर कुकर म्हणजे एक काळी पेटी, वर काच आणि झाकणाला आतून आरसा. पेटीत डाळ-तांदळाचे काळे डबे ठेवायचे, आरशातलं ऊन काचेवर पाडायचं आणि आपण निवांत पेपर वाचायचा. इतकं सोपं, की माझ्यासारख्यालाही जमावं. मेहुणा सहकुटुंब जेवायला येणार होता. मी सकाळीच उल्हासनगरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पेटी मांडली आणि खाली येऊन मेहुण्याला अपारंपरिक ऊर्जेवर ऐकवत बसलो. लाकूड नको, रॉकेल नको, सिलिंडरची वाट बघणं नको. ऊन संपत नाही, ऊन कुणाच्या बापाचं नाही. मेहुणा भुकेला होता, त्यामुळे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. जेवायच्या वेळी डबे उघडले, तर तांदूळ पाण्यात आंघोळीला बसल्यासारखे जसेच्या तसे. काचेवर कारखान्यानं लावलेला पुठ्ठा मी काढलाच नव्हता. तो पेटीचाच भाग आहे असं मला वाटलं होतं. आणि आरशातलं ऊन सकाळभर शेजारच्या सिंधी आंटींच्या पापडांवर पडत होतं. आंटी ताटलीत पापड घेऊन खाली आल्या. "भाऊ, तुम्हारा चावल कच्चा है, पर हमारा पापड टाइम से पहले सूख गया. रोज लगाओ ना ये पेटी."

बायको काही बोलली नाही. तिनं गॅसवर कुकर चढवला आणि शिट्या होईपर्यंत पाहुण्यांना आंटींचे पापड वाढले. अशा वेळी ती बोलतच नाही. तिचं बोलणं उशिरा येतं, आणि आलं की मुक्कामाला येतं.

मे महिना आमच्या या टापूत असा गच्चीवरून खाली उतरतो. उल्हासनगरच्या कॅम्पात दुपारी पत्रे तडतडतात, अंबरनाथच्या कारखान्यांच्या भिंतींना हात लावला तर चटका बसतो आणि बदलापूरच्या माळावर ऊन नुसतं उभं असतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. गच्च्यांवर पापड, कुरडया, मिरच्या, सांडगे. या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सूर्याला राबवून घेतलं. त्याला अपारंपरिक म्हणायचं तेवढं त्यांना सुचलं नाही, नाहीतर त्यांनाही सवलत मिळाली असती.

मला मात्र मे आला की उन्हाच्याही आधी एक वास आठवतो. शेण पाण्यात कालवल्याचा. ओला, हिरवट, आंबूस. आणि त्या वासाच्या मागोमाग डोळ्यांपुढे येते एक निळी ज्योत, भर दुपारच्या उजेडात दिसते न दिसते अशी.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना सोनिवलीच्या पुढे आमचं गाव. माझे वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही शहरातले झालो. आग लावणं हा तेव्हापासून आमचा घरचा धंदा, असं नातेवाईक म्हणत. वडिलांचे धाकटे भाऊ दामूकाका गावी शेतीवर राहिले. घरात ते, यमुनाकाकू आणि लग्नाला आलेली एकुलती मुलगी बेबी.

काकूंना दमा होता. चुलीपुढे बसून बसून त्यांची छाती धुराड्यासारखी झाली होती. बोलताना वाक्याच्या मध्येच त्या थांबत, कुठून तरी वारा शोधून आणत आणि मग उरलेलं वाक्य पुरं करत. डोळे बारमाही लाल. बदलापूरच्या डॉक्टरनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की चूल सोडली नाही तर औषधाचा उपयोग नाही. काकू मला म्हणाल्या, "डॉक्टर बोलतो चूल सोड. त्याला काय बोलाला. त्याचे घरान कोन रांधते, त्याला इचार."

अशात बदलापूरला ऊर्जा मेळावा भरला. काका गेले होते बियाणं बघायला आणि आले गोबर गॅस घेऊन. म्हणजे कागद घेऊन. मेळाव्याच्या सरकारी साहेबांनी मांडवात मोठा तक्ता लावला होता. त्यात गाय, गायीच्या मागे खड्डा, खड्ड्यावर लोखंडी टाकी, टाकीतून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला शेगडीपुढे बसलेली नथ घातलेली हसरी बाई. फायदे साहेबांनी बोटांवर मोजून सांगितले होते आणि काकांना ते पाठ झाले होते. धूर नाही, जंगल तुटत नाही, बायकांचे डोळे वाचतात, आणि गॅस काढून उरलेलं शेण शेताला दुप्पट गुणाचं खत. तक्त्याची एक घडी काकांनी मागून आणून भिंतीला खिळ्यानं ठोकली. काकूंनी ती बराच वेळ निरखली आणि विचारलं, "ही बाई पानी कुठून आनते?"

"तुला चांगला काय सांगाला गेला तं तू पानीच बघ," काका म्हणाले.

प्रश्न चुकीचा नव्हता. जेवढं शेण तेवढंच पाणी घालून ते कालवायचं, मगच ते खड्ड्यात सोडायचं. धरण गावाच्या उशाला होतं, पण त्याचं पाणी मोठ्या नळातून गावाला वळसा घालून आमच्याकडे शहरात यायचं. अंबरनाथला मी सकाळी तोंड धुताना नळ सोडून आरशात भांग पाडत असे. तेच पाणी. गावची विहीर होळीनंतर तळ दाखवू लागे. तेव्हा गॅससाठी लागणारे हंडे दूरच्या झऱ्यावरून काकू आणि बेबी आणू लागल्या. डोळ्यांचं वाचलं ते मानेवर आलं. सरकारी तक्त्यात मान दाखवलेली नव्हती.

पण निळा जाळ लागला, आणि मी तो लागताना पाहिला आहे. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि नव्या बायकोला गाव दाखवायला मी घेऊन गेलो होतो. आम्ही स्वतः अंबरनाथला एका खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर होतो, त्यामुळे गॅस आमच्याआधी काकूंकडे आला याचा मला थोडा राग होता. काकांनी कॉक फिरवला, माझ्याच हातून काडी लावून घेतली आणि शेगडीवर फस्सकन एक निळं फूल उमललं. काकू पुढे सरसावल्या, सवयीनं फुंकणी उचलली आणि जाळाला फुंकर घातली. जाळ विझला. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "बघा. सरकारचा गॅस हिने फुकून टाकला."

सगळे हसले. काकूही हसल्या आणि हसताना त्यांना खोकला आला नाही. हे पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

तो उन्हाळा काकूंनी उघड्या डोळ्यांनी स्वयंपाक केला. हे शब्दशः खरं आहे. आधी त्या डोळे मिटून भाकरी परतायच्या, हाताला कळायचं कुठे काय आहे ते. आता त्या भाकरी फुगताना बघत. वालाच्या आमटीला उकळी फुटली की बेबीला हाक मारून दाखवत, जशी काही उकळी ही गोष्ट त्यांच्याच घरी नव्यानं आली होती. "दिसतंय सगळा," त्या म्हणत. एवढंच. छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. भांडी बाहेरून पांढरी राहू लागली. घराचं आढं काकांनी चुन्यानं रंगवलं, आणि ते पांढरंच राहिलं. गोठ्यामागच्या पडवळीला ते पातळ खत असं मानवलं, की पडवळं सापासारखी जमिनीला टेकली. साहेबांनी सांगितलेले सगळे फायदे खरे होते. मी पुढे बरीच वर्षं त्यात खोट शोधली, सापडली नाही. खोट जाळात नव्हतीच.

खोट राबात निघाली. आमच्याकडे मिरगाआधी भाताची रोपं टाकायच्या जागेवर वाळलेलं शेण, पाला, टहाळं पसरून ती जमीन भाजून काढतात. तो राब. त्यानं तणाचं बी जळतं आणि रोप जोमानं येतं. आता साठवलेलं सगळं शेण गेलं होतं खड्ड्यात आणि राबाला गोवरी उरली नव्हती. साहेब म्हणाले, खड्ड्यातलं खत टाका, तेच चांगलं. काका म्हणाले, "साहेब, खताने रोप वाढेल, बरोबर तन पन वाढेल. जालल्याबिगर तन मरत नाय." मे उजाडताच काकांनी शेण राबाकडे वळवलं. वर्षाचा भात तिथे होता, आणि भातापुढे बायकोचा दमा कोणत्या शेतकऱ्यानं मोजला आहे? गुरंही त्या दिवसांत पेंढ्यावर. हाडं दिसत होती, शेण कुठून देणार. लोखंडी टाकीचं एक बरं असतं आणि तेच वाईटही असतं. गॅस असला की ती वर येते, संपला की खाली बसते, आणि हे अख्ख्या गावाला रस्त्यावरून दिसतं. आमची टाकी बसत चालली. "दामूचा गॅस आजारी हाय काय रं," असं भावकीतले लोक येता जाता विचारू लागले.

आणि नेमकं तेव्हाच वांगणीकडचं स्थळ बेबीला बघायला येणार असं ठरलं.

काकांना गॅसवरचाच स्वयंपाक वाढायचा होता. मुलगी बघायला येणाऱ्यांना मुलीच्या आधी शेगडी दाखवायची, असा त्यांचा बेत होता. मग त्यांना साहेबांचं एक वाक्य आठवलं, जे तक्त्यात शेवटी बारीक अक्षरात होतं. संडासही या खड्ड्याला जोडता येतो. संडास होताच. तोही एका योजनेत बांधलेला, गावातला पहिला, आणि कुणीही न वापरलेला. सगळं गाव ओढ्याकडे जायचं. काकांनी एका दुपारी पाइप टाकून तो खड्ड्याला जोडला आणि घरातल्यांना हुकूम सोडला. घरातल्यांनी पुरणार नाही हे कळल्यावर आल्यागेल्याला चहापाण्यासारखा आग्रह सुरू झाला. "आलास तसा बसून जा रे," मला म्हणाले. मी शहरातला, शिकलेला, पुरोगामी. मी काकांचा शब्द मोडला नाही. अपारंपरिक ऊर्जेच्या क्षेत्रात माझं हे एकमेव योगदान आहे आणि ते मी प्रत्येक मुक्कामात नेमानं केलं.

टाकी खरंच वर आली की काकांच्या डोळ्यांनाच ती तशी दिसली, देव जाणे. पाहुणे आले त्या दिवशी मात्र शेगडी नीट जळली.

मुलगा साधा होता, बोलला काहीच नाही. बोलत होते त्याचे मामा. जाडजूड, पांढरा सदरा, खिशाला पेन. गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, आमरस. काकूंनी सकाळपासून एकटीनं केलेलं. माझी बायको मदतीला होती, पण भाकऱ्यांना तिला हात लावू दिला नाही. मामांनी रस्सा तीनदा मागून घेतला. बोटं चाटली, ढेकर दिली, भाकरीचा पदर बोटांत धरून म्हणाले, "हाताला चव हाय. पोरीने आईचा हात उचलला असेल तं आमचे घराचा कल्यान." काकू दारामागे उभ्या होत्या. पदर तोंडाला, पण डोळे उघडे आणि कोरडे. लग्न ठरल्यात जमा होतं. फक्त पानसुपारी व्हायची होती.

हात धुवायला मामा परसात गेले आणि त्यांनी विचारलं, "ही टाकी कसली?"

काका वाटच बघत होते. त्यांनी अथपासून सुरुवात केली. गाय, खड्डा, नळी. मामा माना हलवत होते. शेणाला त्यांची काही हरकत नव्हती. शेणानं जमीन सारवतात, शेणाची गोवरी चुलीत जाते, शेण पवित्र. मग काका संडासाच्या दाराशी गेले आणि तेही उघडून दाखवलं. "हा बी त्यालाच जोडलाय. काय बी फुकट जात नाय आमचे घरान."

मामांनी आधी टाकीकडे बघितलं. मग नळीकडे. नळी भिंतीतून ज्या भोकातून स्वयंपाकघरात जात होती त्या भोकाकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"म्हंजे आम्ही काय जेवलो?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कोंबडी," काका म्हणाले.

मामा बांधावर गेले आणि त्यांनी तोंडात बोटं घालून जेवण बाहेर काढलं. त्यांचं बघून बाकीचेही गेले. एका ओळीत, धोतरं-पँटी सावरून, भरल्या दुपारी. मुलगा शेवटी गेला. त्याला बहुतेक जायचं नव्हतं, पण मामा बघत होते. बेबी खिडकीत उभी होती, नवी साडी नेसून, केसात अबोली. आपल्याला बघायला आलेल्या माणसांची तिला पाठच बघायला मिळाली. काका अजूनही समजावत होते, की गॅस वेगळा आणि जेवण वेगळं, गॅस जळून जातो, अन्नाला लागत नाही. विज्ञान शंभर टक्के त्यांच्या बाजूनं होतं आणि पाहुणे शंभर टक्के बैलगाडीत बसले होते.

गाडीत बसताना मामा म्हणाले, "पोर चांगली हाय. पन गुवावर रांधलेला खाऊन वाढलीय."

ते एक वाक्य त्यांच्यापेक्षा आधी वांगणीला पोचलं. आमच्या गावात तर ते संध्याकाळच्या आत घरोघरी जाऊन बसलं. कुणी भांडलं नाही. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. लोक फक्त काकांकडे चहा घेईनासे झाले. "आत्ताच झाला" असं म्हणायचे. आमच्याकडे हळदीच्या आदल्या दिवशी भावकीतल्या बायका जमून भाकऱ्या थापतात. त्या मेमध्ये तीन घरी हळदी झाल्या आणि काकूंना कुणी थापायला बोलावलं नाही. ज्या बाईच्या भाकरीला गावात तोड नव्हती ती आपल्या अंगणात बसून दुसऱ्याच्या मांडवातला थापण्याचा आवाज ऐकत होती. पोरं बेबीला "गॅसवाली" म्हणू लागली आणि ती गेली की नाक दाबू लागली. आम्ही नातेवाईकही मागे नव्हतो. त्या उन्हाळ्यात काकांकडे जाणाऱ्यांना जितके उपवास लागले तितके आमच्या घराण्यात श्रावणातही कुणी केले नसतील. माझी आई तर एकादशी, गुरुवार आणि पित्त या तिन्हींच्या आधारानं दोन दिवस राहून आली.

जेवलो आम्ही दोघंच. मी लाजेकाजेस्तव. माझी बायको भूक लागली म्हणून.

महिन्याअखेरीस मध्यस्थ आला. वांगणीची माणसं वाईट नाहीत, म्हणाला. मुलाच्या मनात पोर भरली आहे. पण ती टाकी काढा, भांडी बदला, घर गोमूत्रानं शुद्ध करा, नवी चूल घाला. चुलीवर रांधलेलं येऊन जेवतील, मग बघू. काका भडकले. त्यांनी साहेबांना बोलवायचं ठरवलं, तक्ता घेऊन वांगणीला जायचं ठरवलं, अर्ज करायचं ठरवलं. अर्ज कुणाला, ते ठरत नव्हतं. "तुझे छातीसाठी केलाय मी हा," ते काकूंवर ओरडले, "लोकांसाठी नाय."

काकूंना ते पहिल्यांदाच कळत असावं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की हे सरकारसाठी आहे.

त्यांनी वाद घातला नाही. सकाळचा चहा झाल्यावर त्यांनी कॉक बंद केला आणि फडक्यानं शेगडी पुसली, कोरडी, चकचकीत, एखाद्याला परत करायची वस्तू पुसावी तशी. मग वारुळाची माती आणली, तीन दगड मांडले, लिंपलं आणि वरून शेणानं सारवलं. शेणानं. त्यातला विनोद त्या वेळी कुणाला दिसला नाही, मलाही नाही. ठाकरवाडीवरची मोळीवाली, जिचं येणं दोन-तीन महिने बंद झालं होतं, ती दुसऱ्याच दिवशी डोक्यावर मोळी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बरा झाला बाय, चूल पेटली. आमचे घरची इझली होती." तिचं चुकलं कुठे, हेही मला अजून सांगता आलेलं नाही. एकाचा धूर दुसऱ्याचा घास असतो, हे ऊर्जा मेळाव्यात सांगत नाहीत.

वांगणीचे पाहुणे पुन्हा आले ते मिरगाच्या तोंडावर. हवा कोंदलेली, लाकडं दमट. घर धुरानं इतकं भरलं होतं, की मामांचा पांढरा सदराच तेवढा दिसत होता. काकू आत खोकत होत्या. एकेक भाकरी आणि एकेक उबळ. मामांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चुलीची चव ती चुलीची चव. त्यादिवशी रश्श्यान कायतरी कमी होता. मी तवाच बोललो होतो."

तीनदा मागून घेतलेला रस्सा माझ्या डोळ्यांपुढे होता. मी मान डोलावली. लग्नं अशीच जमतात.

बेबीचं लग्न झालं. धूमधडाक्यात नाही, पण झालं. काकांनी टाकी ठेवली होती, उगाच, गंजत. ती वर यायची बंद झाली तरी काका सकाळी उठून तिच्याकडे बघत. काकू पुढे काही पावसाळे काढून गेल्या. भादव्यात गेल्या, ओली लाकडं असतात तेव्हा. माझ्या आईनं सांत्वनाला जमलेल्या बायकांना सांगितलं, "बिचारीला धुराचा त्रास होता," आणि सगळ्यांनी ते असं ऐकलं, की धूर जणू परगावाहून आला होता. नव्वदच्या पुढे जमिनींचे भाव आले, काकांनी गोठ्याची बाजू विकली आणि ती टाकी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्यानं टेम्पोत घालून नेली. त्या जागी आता इमारत आहे. रस्त्यानं जाताना मी तिचे संडासाचे पाइप मोजतो. ते नेमके कुठे जातात, हे तिथे कुणी विचारत नाही.

सोलर कुकरच्या त्या रविवारनंतरच्या रविवारी आमच्या ऑफिसची सहल वांगणीला एका फार्महाउसवर होती. मुंबईची माणसं हल्ली शनिवार-रविवार तिथे येतात. आंब्याखाली खाटा, झोपाळा, आणि कोपऱ्यात मुद्दाम कुडाची केलेली झोपडी. पाटीवर लिहिलेलं: चुलीवरचं गावठी जेवण. ऑफिसातली माणसं वेडी झाली होती. "शहरात हा फ्लेवर मिळतच नाही यार," असं आमचा नवा अकाउंटंट म्हणत होता.

मी पाणी मागायला झोपडीत डोकावलो. धुरात एक बाई पाठमोरी भाकऱ्या थापत होती. थापण्याच्या आवाजावरून मी तिला ओळखलं. बेबी. आता तिची मुलं मोठी, मी मागून बघितलं तर केस पिकलेले. तिनं मला बसायला पाट दिला आणि बसू नकोस असंही सांगितलं, डोळे चुरचुरतील म्हणून.

झोपडीमागे लाल सिलिंडर उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर ती हसली.

"तो मालकाचे चहाला. पाहुण्यांचा गॅसवर नाय चालत, दादा. मालक बोलतो, धूर दिसाला पायजे. धूर नाय दिसला का लोकांना खोटा वाटतो." मग ती मध्येच थांबली, कुठून तरी वारा शोधून आणला आणि म्हणाली, "वहिनी आल्यात काय? त्यांना बोल, आत नको येऊ. मीच येते भेटाला."

माझी बायको तोवर दारात उभी होती. ती आत आली, बेबीजवळ उकिडवी बसली आणि तिनं पिठाचा गोळा उचलला. दोघी थापत राहिल्या. मी बाहेर येऊन झोपाळ्यावर बसलो आणि पानात आलेली भाकरी खाल्ली. ती चांगली होती. ती चांगली होती हे लिहायची मला लाज वाटते, पण होती.

घरी आलो तेव्हा बायकोचे डोळे लाल होते. तिनं चेहरा धुतला, गॅस पेटवला, चहा टाकला आणि आधण येईपर्यंत ओट्याला टेकून जाळाकडे बघत उभी राहिली. मी हा लेख लिहायचं मनात घेतलं होतं. मी तिला म्हटलं, की काकूंवर लिहीन म्हणतो. वांगणीच्या मामाला नीट झोडपतो, गावालाही सोडत नाही, आपल्या आईच्या एकादशीसकट सगळं लिहितो. तिनं चहा गाळला.

"त्या दिवशी पाहुणे ओकून गेल्यावर काकूंनी मला जेवायला वाढलं," ती म्हणाली. "मी जेवले, म्हणून त्यांना फार बरं वाटलं. मला विचारलं, तुमचा सिलिंडरचा नंबर लागला काय. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत लागेल. तर म्हणाल्या, लागला का सांग, मी येते. तुझे घरान सगळा मीच रांधीन, तू नुसती बस."

"मग?"

"दिवाळीत लागला नंबर. मी सांगितलं नाही. आल्या असत्या तर त्या परत गेल्या नसत्या, आणि आपली खोली एकच होती."